बाळंतिणीचे ताट आणि बी-१२
स्तनपान करणाऱ्या आईच्या आहारावरील लेखात म्हटले आहे की आईने काहीही खाल्ले तरी तिच्या दुधाचा कस तोच राहतो; हे विधान अर्धेच खरे आहे. कॅल्शियम, लोह आणि फोलेट यांचे दुधातील प्रमाण आईच्या आहाराने फारसे हलत नाही, कॅल्शियम तर प्रसंगी तिच्या हाडांतून घेतले जाते. परंतु बी-१, बी-१२ आणि ‘अ’ ही जीवनसत्त्वे आणि आयोडीन आईत कमी असतील तर ते दुधातही कमी उतरतात.

माझ्या सुनेच्या बाळंतपणात आम्ही सोलापुरी पद्धतीने ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असे सारे निगुतीने केले, आणि बाळाला सर्दी होईल म्हणून दही-ताक मात्र बंद ठेवले (हा हट्ट माझाच). घर शाकाहारी असल्याने बी-१२ मिळण्याची एक वाट आम्हीच बुजवली. तिसऱ्या महिन्यात तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा रक्ततपासणीत कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली.

‘ड’ जीवनसत्त्वाचा उल्लेखही लेखात हवा होता. ते आईच्या दुधात मुळातच अत्यल्प असते, त्यामुळे तान्ह्या बाळाला त्याचे रोज ४०० एककांचे (आययू) थेंब देण्याची शिफारस आहे. सोलापुरात ऊन कितीही असले तरी बाळंतीण आणि बाळ अंधाऱ्या खोलीतच असतात, त्यामुळे उन्हातून मिळणारे ‘ड’ही त्यांना मिळत नाही.