मागून ठोकलं की मागचाच चुकला?

रविवारी कट्ट्यावर एकच विषय होता, पक्याची गाडी. वारज्याला हायवेवर पुढच्या कारवाल्याला ऐनवेळी सर्व्हिस रोडला उतरायचं आठवलं. त्याने कचकन ब्रेक मारला आणि पक्या मागून जाऊन आदळला. पक्याचा पुढचा बंपर, ग्रिल, एक हेडलाइट, सगळ्याचा चुरा.

"मागून ठोकलंस ना? मग चूक तुझी. विषय संपला," संद्याने निकाल देऊन टाकला.

"काय संपला? हायवेवर असा ब्रेक मारतात का? इन्शुरन्सवाला बघेल की चूक कोणाची ते!"

क्रीमरोल चहात बुडवणारा मिल्या इथे थांबला. मिल्या इन्शुरन्सचा सर्व्हेयर आहे, म्हणजे क्लेम आलेल्या गाड्यांचं नुकसान तपासतो, आणि धंद्याचं कधी बोलत नाही.

"नाही बघत तो. गाडीची पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणारी, असेल तर तुझं नुकसान तुझीच कंपनी देणार, चूक तुझी असली तरी. लायसन्स हवं, प्यायलेला नको. मी फक्त एवढंच बघतो की फॉर्मवर जे लिहिलंय ते गाडीवर दिसतंय का."

"म्हणजे?"

"म्हणजे एकाने लिहिलं, काल रात्री डिव्हायडरला घासली. डिव्हायडरला घासलं की खालच्या बाजूला लांबलचक आडवे चरे येतात. याच्या दारावर मधोमध गोल पोचा, आणि पत्रा जिथे फाटला तिथे गंज. कालचा फाटलेला पत्रा चकाकतो रे! तुटलेल्या हेडलाइटच्या आत धुळीचा थर असेल, तरी मला कळतं."

"ते जाऊ दे. माझी चूक नसताना माझा नो क्लेम बोनस का जाणार?" पक्याचं खरं दुखणं हे होतं. पाच वर्षं क्लेम नाही, म्हणून ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर 50 टक्के सूट. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य. वर झीरो डेप, म्हणजे जुन्या भागांची घसारा-कपात टाळणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळणार, आणि बंपर प्लास्टिकचाच. मला विचाराल तर पक्याची तक्रार रास्त आहे. बोनस चूक कोणाची हे विचारत नाही, क्लेम झाला का एवढंच विचारतो.

"मग त्याच्याकडून वसूल कर," संद्या.

"कर की," मिल्या हसला. "त्याच्या थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या त्याच्या विम्यावर. पोलिसात नोंद कर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा, वकील लाव. चूक कोणाची आणि किती टक्के, ते तिथे ठरतं. बंपरसाठी कोण जातं?"

मग त्यानेच कोइम्बतूरचं प्रकरण काढलं. 2017 साली हायवेवर एका कारवाल्याने बायकोला मळमळतंय म्हणून अचानक ब्रेक मारला. मागून बाइकवर इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होता. तो कारवर आदळून पडला आणि मागच्या बसखाली त्याचा पाय गेला. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, निकाल 2025 मध्ये लागला. कोर्ट म्हणालं, इशारा न देता हायवेवर गाडी थांबवली हेच मूळ. कारवाला 50 टक्के, बस 30.

"बघ! बघ!" पक्या कट्ट्यावरून उठलाच. "पुढचा 50!"

"आणि पोरगा 20," मिल्या म्हणाला. "पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवलं नाही म्हणून. वैध लायसन्सही नव्हतं. भरपाईतून तेवढे कापले. पाय गेला, तरी कापले."

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग संद्याने हळूच विचारलं, "पक्या, त्याचे ब्रेकलाइट लागले होते ना?"

"लागले होते. पण इंडिकेटर नव्हता!"

"आणि तू किती अंतरावर होतास?"

"त्याचा इथे काय संबंध?" पक्या म्हणाला.

मिल्याने अजून तीन कटिंग सांगितले.