‘सरळ फॉरमॅट मारा की!’ : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार ‘त्रस्त वाचक’,

तुम्ही हेच नाव लिहिलंत म्हणून मीही तेच वापरतो. प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर याहून वाईट लिहिलं असतं, असं वाटलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. उबुंटू २२.०४ या लिनक्सवर पायथॉन प्रोग्रॅमची त्रिमितीय खिडकी उघडत नाही, ‘मेसा-लोडर’ (मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातला ड्रायव्हर शोधणारा भाग) रेडिऑन या एएमडीच्या कार्डाच्या नावाने ओरडतो, आणि दोष ड्रायव्हरचा नसून कोंडा या पायथॉनची पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनातल्या जुन्या लायब्ररीचा (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशा तयार कोडच्या फाइलचा) असतो, अशी माझी आधीची पोस्ट होती. त्यावर तुमचं म्हणणं असं. एक, पोस्टप्रमाणे लायब्ररीचं नाव बदललं आणि मशीन काळ्या स्क्रीनवर अडकलं. दोन, एवढं चऱ्हाट लावण्यापेक्षा फॉरमॅट मारणं सोपं, आणि तुम्ही शेवटी तेच केलंत. तीन, फॉरमॅटनंतरही अक्षरं फुगलेली दिसतायत, तेव्हा आता एनव्हिडियाच्या साइटवरून ‘खरा’ ड्रायव्हर उतरवून टाकणार आहात. चार, मराठी ब्लॉग म्हणता आणि निम्मे शब्द इंग्रजी.

चौथ्याचं आधी उरकतो. लायब्ररीला ग्रंथालय म्हणून पाहिलं होतं. ‘दोन ग्रंथालयांतील संघर्ष’ असं शीर्षक झालं, ते कुठल्यातरी तालुक्याच्या बातमीसारखं वाटायला लागलं. सोडून दिलं.

आता पहिला मुद्दा. चूक माझी आहे. ‘जुन्या फाइलचं नाव बदला’ असं मी लिहिलं आणि खाली कमांड दिली, पण तिच्यात पूर्ण पाथ नव्हता. माझ्या डोक्यात कोंडाच्या फोल्डरमधली फाइल होती. तुम्ही शोध लावलात, सिस्टीमच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल सापडली, आणि सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून तिचं नाव बदललंत. कुणीही हेच केलं असतं. लिबएसटीडीसी++ ही सी++ ची पायाभूत लायब्ररी आहे. ती नावाने सापडेनाशी झाली की सी++ मध्ये लिहिलेलं जवळपास काहीच सुरू होत नाही. ग्नोम या डेस्कटॉपचा शेल तिच्यावर उभा, मेसाचे ड्रायव्हर तिच्यावर उभे. गंमत म्हणजे दुरुस्तीसाठी तुम्ही ज्या ‘ॲप्ट’कडे (प्रोग्रॅम बसवणारं साधन) धावलात तोही सी++ मध्येच लिहिलेला, म्हणून त्यानेही हात वर केले. पण ‘एमव्ही’ ही नाव बदलायची साधी कमांड सी मधली आहे, तिला ही लायब्ररी लागत नाही. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन तिनेच नाव पूर्ववत केलं असतं तर दोन मिनिटांत मशीन उठलं असतं. हे पोस्टमध्ये असायला हवं होतं, नव्हतं. आता घातलंय, आणि ती अर्धवट कमांड काढून टाकलीय. याच कारणाने या उत्तरात एकही कमांड चिकटवता येईल अशी देत नाहीये.

दुसरी चूकही कबूल करतो. ती पोस्ट मेसावर चालणाऱ्या कार्डांसाठी, म्हणजे एएमडी आणि इंटेलवाल्यांसाठी होती. तुमचं कार्ड एनव्हिडियाचं. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

पण फॉरमॅटच्या मुद्द्यावर मी हटणार नाही, आणि त्याचं कारण पोस्टमध्ये लिहायला लाजलो होतो ते इथे सांगतो. मीही आधी फॉरमॅटच मारलं होतं. आख्खा रविवार गेला. उबुंटू नवी, अपडेट सगळे ताजे, होम फोल्डर बॅकअपमधून परत, कोंडाचं एन्व्हायर्नमेंट (पायथॉन आणि लायब्रऱ्यांचा वेगळा संच) जुन्याच यादीवरून पुन्हा उभं केलं. प्रोग्रॅम चालवला. तीच खिडकी नाही, तोच एरर, शब्दन् शब्द तोच! दोष ज्या फाइलमध्ये होता ती फाइल मीच माझ्या हाताने बॅकअपमधल्या यादीवरून परत आणून ठेवली होती.

ते नेमकं कसं घडतं ते जरा बारकाईने बघू. खिडकी उघडायची वेळ आली की ओपनजीएल (त्रिमितीय चित्र काढायची प्रणाली) मेसाला हाक मारतं, मेसा तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर शोधतं, माझ्याकडे तो रेडिऑनएसआय. त्या ड्रायव्हरला एलएलव्हीएम (कार्डासाठी कोड तयार करणारं साधन) लागतं आणि एलएलव्हीएमला लिबएसटीडीसी++ लागते. उबुंटू २२.०४ मध्ये हे सगळं तिच्या ३.४.३० या आवृत्तीच्या चिन्हांवर (लायब्ररीतल्या नावांवर) बांधलेलं, म्हणजे जीसीसी या कंपायलरच्या बाराव्या आवृत्तीच्या जमान्यातलं. इकडे कोंडाच्या पायथॉनने त्याआधीच स्वतःच्या फोल्डरातली लिबएसटीडीसी++ उचललेली असते, आणि माझ्याकडची होती ३.४.२९ पर्यंतचीच. एका प्रोसेसमध्ये त्या नावाची लायब्ररी एकदा आत आली की लोडर (लायब्रऱ्या मेमरीत आणणारा) दुसरी आणायला जात नाही. ‘आहे की घरात’ म्हणतो. ड्रायव्हर येतो, ३.४.३० मागतो, मिळत नाही, परत जातो. मग मेसा ‘चला, निदान प्रोसेसरवर चित्र काढू’ म्हणून स्वरास्टकडे वळतं. त्यालाही तीच लायब्ररी हवी असते, तोही आपटतो. एररमध्ये आधी रेडिऑनएसआय आणि लगेच स्वरास्ट दिसतो तो म्हणूनच. आपल्याला मात्र रेडिऑन हा शब्द दिसला की वाटतं कार्ड गेलं.

यात ड्रायव्हर ठणठणीत आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) ठणठणीत आहे. एलडी-डीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमधली सेटिंग) ‘लिब्ज’वर ठेवून प्रोग्रॅम चालवला की कोणती फाइल कुठल्या फोल्डरातून उचलली ते ओळीने दिसतं. माझ्या यादीत शेकडो ओळी होत्या, कामाची एकच: लिबएसटीडीसी++, आणि पुढे पाथ घरच्या फोल्डरातला. नंतर त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंडा-फोर्ज या पॅकेजांच्या भांडारातून लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी (त्याच लायब्ररीचं पॅकेज) बारा किंवा पुढचं टाकलं, विषय संपला. एलडी-प्रीलोड लावून सिस्टीमची प्रत घुसडायचा सल्लाही सगळीकडे मिळतो. चालतो, पण तो बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना दरवेळी वाचली जाणारी फाइल) कायमचा लिहून ठेवू नका. सहा महिन्यांनी तिसरंच काही मोडेल आणि तेव्हा ही ओळ आठवणार नाही.

फॉरमॅटला माझा सरसकट विरोध नाही. डीटीपीच्या दुकानात संध्याकाळी पत्रिका छापून द्यायची असेल तर मीही म्हणेन, मारा फॉरमॅट. पण मग होम फोल्डर आहे तसा परत आणायचा नाही.

आता तुमचं आजचं दुखणं, कारण ते वेगळंच आहे. तुम्ही जाता जाता लिहिलंय की ‘नवीन टाकताना सिक्युअर बूटसाठी कसलातरी पासवर्ड मागितला, मग रीस्टार्टला निळी स्क्रीन आली, मी कंटिन्यू दाबलं’. अहो, सगळी गोम तिथेच आहे! सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड अडवणारी सोय. एनव्हिडियाचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरचा भाग) तुमच्या मशीनवरच बांधलं जातं आणि मशीनवरच तयार केलेल्या चावीने त्यावर सही होते. ही चावी माझीच आहे, असं तुम्ही मशीनला समोर बसून सांगायचं असतं, आणि ती निळी स्क्रीन त्यासाठीच होती. तिथे ‘एनरोल मोक’ (म्हणजे चावी नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा होता. कंटिन्यू दाबलंत, चावी नोंदली गेली नाही, म्हणून कर्नल आता मॉड्यूल आत घेत नाही. हाताने मॉडप्रोब (मॉड्यूल आत घ्यायची कमांड) करून पाहा, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येईल. आणि एनव्हिडियाच्या पॅकेजने नूव्हो या मुक्त ड्रायव्हरला आधीच ब्लॅकलिस्ट केलेलं असतं, त्यामुळे तोही मदतीला येत नाही. दोन्ही ड्रायव्हर दाराबाहेर, आत फक्त कामचलाऊ फ्रेमबफर (साधं चित्र दाखवणारी सोय). अक्षरं फुगलीत ती त्यामुळे.

यावर साइटवरची रन फाइल (एनव्हिडियाचा इन्स्टॉलर) टाकलीत तर तिचं मॉड्यूलही याच दारात अडकेल. शिवाय ती फाइल ॲप्टला न विचारता लायब्रऱ्या ठेवते. पूर्वी तर ती मेसाची लिबजीएल (ओपनजीएलची लायब्ररी) सरळ पुसून आपली ठेवायची. २०१६ मध्ये ३६१ मालिकेपासून एनव्हिडियाने जीएलव्हीएनडी आणलं, मध्ये एक वाटाड्या बसला आणि दोघांच्या लायब्रऱ्या शेजारी नांदू लागल्या, त्यामुळे तो त्रास बराच ओसरला. पण ॲप्टची एक आवृत्ती आणि रन फाइलची दुसरी अशी खिचडी झाली की एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची अवस्था सांगणारा प्रोग्रॅम) ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हणून बसतो. हाच मेसेज कधी आपोआप अपडेट झाल्यावरही येतो, कारण मेमरीत सकाळचं मॉड्यूल आणि डिस्कवर दुपारच्या लायब्रऱ्या. तेव्हा रीस्टार्ट पुरतो, घाबरायचं नाही.

तर रन फाइल बाजूला ठेवा. मोक-युटिल ही कमांड वापरून शिम-साइन्डच्या फोल्डरातली मोक नावाची डीईआर फाइल (म्हणजे तीच चावी) पुन्हा इंपोर्ट करा. नवा पासवर्ड मागेल, तो साधी अक्षरं आणि आकडे एवढाच ठेवा, कारण त्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो आणि खुणांच्या जागा बदलतात. मग रीस्टार्ट. निळी स्क्रीन दहाच सेकंद वाट बघते आणि पुढे निघून जाते, म्हणून चहा ठेवायला उठू नका. शक्यतो वायरचा कीबोर्ड लावा, काही वायरलेस इतक्या लवकर जागे होत नाहीत. उठल्यावर एनव्हिडिया-एसएमआय काय म्हणतो ते जसंच्या तसं इथे टाका. गुरुवारपर्यंत मी रोज रात्री बघतोय.