‘दहा मिनिटांत काळंभोर स्टील’: एका व्हायरल मेसेजचा पंचनामा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, ट्रेकर मंडळींच्या आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘गंजलेलं असो वा नवं, कुठलंही स्टील घरच्या घरी कायमचं काळं करा, अगदी स्टेनलेससुद्धा! आधी वस्तू गॅसवर लाल तापवा. मग व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ एकत्र करून तिच्यावर ओता. दहा मिनिटांत गंज चढेल. जितका जास्त गंज, तितका गडद रंग. मग नळाच्या पाण्यात उकळा. झालं! पुन्हा कधी गंज नाही, तेलाची गरज नाही. घाई असेल तर थोडं ब्लीच घाला. विळी, तवा, नटबोल्टचे पाने, सगळ्याला चालतं. भोसरीचे कारखानदार हेच करतात आणि आपल्याकडून पैसे घेतात.’

सगळंच खोटं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. पंचाईत अशी की गाभा खरा आहे. गंज चढवून तो उकळला की काळा होतो, आणि या रीतीला रस्ट ब्लूइंग म्हणतात. बंदुका बनवणाऱ्यांची ही जुनी पद्धत. दोन नळ्या सोल्डरने शेजारी शेजारी जोडलेल्या शॉटगन आजही अशाच काळ्या करतात, कारण काळं करायची कारखान्यातली दुसरी रीत कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीची, आणि तिच्यात ते सोल्डर खाल्लं जातं. तांबडा गंज म्हणजे पाणी धरून बसलेला लोहाचा ऑक्साइड. उकळत्या पाण्यात, खालच्या लोखंडाच्या साथीनं, त्याचा मॅग्नेटाइट होतो. हा काळा ऑक्साइड पृष्ठभागाला घट्ट धरून राहतो. पाणी खळखळून उकळलेलं का हवं, तर तेव्हा त्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असते. हवा शिल्लक असली की काळं होण्याच्या जोडीला नवा तांबडा गंजही धरत राहतो. म्हणून वस्तू उकळत्या पाण्यात सोडायची आणि गरम असतानाच बाहेर काढायची, म्हणजे अंगच्या उष्णतेनंच ती कोरडी होते. गॅस बंद करून ‘गार झाल्यावर काढू’ म्हणालात तर कडांना तांबूस डाग आलेच.

एवढं मान्य करून आता बाकीचं बघू.

‘दहा मिनिटांत काम’

दहा मिनिटं तर नुसतं उकळायलाच लागतात. एका फेरीत जो रंग येतो तो करडा आणि ठिगळाठिगळांचा असतो. काळा रंग फेऱ्याफेऱ्यांनी साठत जातो. साधारण चार ते सहा फेऱ्या लागतात, कधी त्याहून जास्त.

एक फेरी कशी असते ते सांगतो, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल. आधी वस्तूवरचं तेल पूर्ण काढायचं: ॲसिटोननं पुसून, मग भांड्यांच्या लिक्विडनं घासून, गरम पाण्यात खळबळून. यानंतर उघडा हात लावायचा नाही. बोटाचा ठसा उमटला की तिथे गंज धरत नाही, आणि शेवटपर्यंत तो ठसा तुमच्याकडे बघत राहतो. मग गंज चढवणारं द्रावण कापसाच्या बोळ्यानं लावायचं. बोळा पिळून जवळजवळ कोरडा केलेला हवा. एका दिशेनं हात फिरवायचा, ओघळ येऊ द्यायचा नाही. त्यानंतर वस्तू दमट जागी काही तास टांगून ठेवायची. वर जो गंज येतो तो नाचणीच्या पिठासारखा बारीक आणि सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. मग उकळायचं. बाहेर काढल्यावर अंगावर काळी मखमल बसल्यासारखी दिसते आणि नवखा माणूस इथेच खूश होऊन थांबतो. ती मखमल सुटी असते. अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलनं हलक्या हातानं ती काढून टाकायची, म्हणजे खाली घट्ट बसलेला पातळ करडा थर दिसतो. रंग त्याचा. स्टील वूलला बहुधा कारखान्यातलं तेल असतं, तेही आधी ॲसिटोनमध्ये धुवून घ्यायचं. नाहीतर तेल काढायला केलेली सगळी मेहनत पाण्यात.

शिवाय यात पुण्याची हवा मध्ये येते, तिचा मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही. एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की द्रावण लावल्या लावल्या वाळतं आणि गंज धरतच नाही. तेव्हा झाकणाची प्लास्टिकची पेटी घ्यावी, तळाला गरम पाण्याची वाटी ठेवावी आणि वस्तू वर तारेनं टांगावी. वाफेचे थेंब वस्तूवर जमू द्यायचे नाहीत, कारण थेंब तिथे डाग. आषाढ-श्रावणात पेटीची गरजच नाही. रात्री बाल्कनीत टांगून ठेवलं की सकाळी काम झालेलं. ज्या पावसाळ्याला आपण हत्यारं गंजतात म्हणून शिव्या देतो, तो या कामाला सोन्यासारखा.

‘जितका जास्त गंज, तितका गडद रंग’

माझ्या मते अख्ख्या मेसेजमधली सर्वांत जास्त नुकसान करणारी ओळ ही. कारण ती पटते.

सांगितलेल्या मिश्रणानं गंज भराभर चढतो यात शंका नाही. दुकानातलं सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे सुमारे ४ टक्के ॲसेटिक ॲसिड, मेडिकलमधलं पेरॉक्साइड ६ टक्क्यांच्या आसपास. त्यात मीठ पडलं की डोळ्यांदेखत लोखंड केशरी होतं. व्हिडिओला ते झकास दिसतं. पण तो गंज जाड, भरड आणि ओघळांचा असतो. उकळल्यावर त्याचा वरचा भाग काळा होतो आणि स्टील वूलच्या पहिल्याच हातात सोलून येतो. खाली राहतात ते खड्डे, आणि खड्डे पुढच्या कुठल्याही फेरीत भरून येत नाहीत. पॉलिश पेपरनं घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मिठाचा दुसरा त्रास नंतर कळतो. त्यातलं क्लोराइड थराच्या छिद्रांत दडून बसतं आणि वरून काळं दिसत असताना आतून खात राहतं. महिन्याभरानं काळ्यावर तांबड्या पुळ्या दिसायला लागल्या की लोक म्हणतात, ‘स्टीलच हलकं निघालं.’ स्टीलचा काही दोष नसतो. हेच मिश्रण वापरायचं असेल तर मीठ चिमटीभर, बोळा पिळलेला, आणि शेवटच्या फेरीनंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात एक उकळी देऊन परत स्वच्छ पाण्यात उकळणं, एवढं तरी करा. आणि ते बाटलीत भरून बूच लावून ठेवू नका. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुगते. व्हिनेगरशी मिळून जे पेरॲसेटिक ॲसिड तयार होतं, ते नाकाडोळ्यांना झोंबतं. लागेल तेवढंच करायचं, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून.

‘गंजलेलं असलं तरी चालेल’ याचाही इथेच निकाल लावू. जुन्या बाजारातून आणलेला पाना खवले सुटेपर्यंत गंजला असेल, तर आधी तो धातूपर्यंत साफ करावाच लागतो. मात्र गंज पातळ आणि एकसारखा असेल, तर नुसता उकळूनही तो काळा होतो आणि वस्तू छान दिसते. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा असाच एखादा नमुना पाहिला असावा. घरातला आजोबांच्या वेळचा अडकित्ता मात्र या प्रयोगाला घेऊ नका. वर्षानुवर्षं हाताळून त्याच्यावर जी झाक आलेली असते, ती एकदा घासली की गेली.

‘स्टेनलेसलाही चालतं’

नाही. स्टेनलेस गंजत नाही म्हणून तर ते स्टेनलेस. ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडची अदृश्य साय पृष्ठभाग झाकून ठेवते. गंजच नाही तर उकळून काळं काय होणार? झालंच तर मिठानं बारीक टोचे पडतील. क्रोम केलेल्या पान्यांचं तेच. जस्ताचं प्लेटिंग असलेले पिवळे-पांढरे नटबोल्ट असतील तर आधी जस्त उतरवावं लागतं. ही पद्धत साध्या एमएसची (म्हणजे माइल्ड स्टीलची), ईएन ८ या ग्रेडसारख्या कार्बन स्टीलची, जुन्या छिन्न्यांची आणि रंध्याच्या पात्यांची.

‘आधी गॅसवर लाल तापवा’

छिन्नी, सुरी, रंध्याचं पातं ही पाणी दिलेली, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केलेली पोलादं असतात. पाणी दिल्यावर त्यांना दोन-अडीचशे अंशांच्या आसपास टेंपर केलेलं असतं, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा थोडं तापवलेलं. पोलाद तापवताना २२० अंशांच्या सुमारास गवती पिवळी झाक येते, ३०० च्या सुमारास निळी. निळी दिसली म्हणजे धारेचा कडकपणा उतरायला लागला. लाल म्हणजे तर पातं मऊ करून ठेवलं, नंतर कितीही धार लावा, टिकणार नाही. रस्ट ब्लूइंगची खरी खुबी हीच की ते १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे पाणी दिलेल्या हत्यारालाही धोका नसतो. मेसेजनं नेमकी तीच घालवली.

‘नळाच्या पाण्यात उकळा’

खडकवासल्याचं पाणी येत असेल तर एखाद वेळेस निभावेल. पण वाघोली, उंड्री, बावधनकडच्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर आहेत. ते पाणी जड असतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच वस्तूवर ठिपक्याठिपक्यांनी बसतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरावं, नाहीतर आरओचं. उकळताना पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पाणी फेकून द्या, वस्तू वर येताना तो अंगाला घेऊन येते. भांडं या कामाचं वेगळं ठेवा. त्यात पुन्हा वरण शिजवायचं नाही.

‘घाई असेल तर ब्लीच’

हे कुणी करू नये. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तोच वायू. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे खाली साठतो, आणि आपल्या फ्लॅटमधली ड्राय बाल्कनी किंवा बाथरूम त्यासाठी फारच सोयीची जागा. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र केल्यावरही हेच होतं. ज्या ग्रुपवर हा मेसेज येईल तिथे बाकी काही लिहू नका, निदान एवढी ओळ लिहा.

‘पुन्हा कधी गंज नाही, तेलाची गरज नाही’

हा थर मायक्रॉनच्या हिशेबात मोजायचा. तो सच्छिद्र असतो, आणि त्याचा मोठा उपयोग म्हणजे तो तेल धरून ठेवतो. तेलाशिवायचं ब्लूइंग उघड्या लोखंडापेक्षा थोडंच बरं. शेवटची उकळी झाली की वस्तू गरम असतानाच तेलात बुडवायची, रात्रभर ठेवायची आणि नंतरही अधूनमधून तेलाचा हात फिरवत राहायचं. घामाचा हात, कोकणातली खारी हवा, पावसात भिजलेली सॅक, यातलं काहीही त्याच्यावर गंज आणायला पुरेसं आहे.

ॲसिडपुढे तर हा थर उभाच राहत नाही. काळ्या झालेल्या तुकड्यावर लिंबाची फोड घासून बघा, करडं लोखंड दिसायला लागेल. यावरून विळीचं उत्तर मिळालंच: चिंच, लिंबू, टोमॅटो, कैरी चिरायच्या पात्याला याचा काही उपयोग नाही. तव्याचं प्रकरण वेगळं. त्याच्यावरचा काळेपणा तापून घट्ट झालेल्या तेलाच्या थरांचा असतो, त्याला गंज चढवायची काही गरज नाही. शिवाय ब्लूइंगच्या कित्येक जुन्या कृतींमध्ये मर्क्युरिक क्लोराइड असायचं, पाऱ्याचं जहाल विष. कुठूनशी मिळालेली ‘पारंपरिक’ कृती स्वयंपाकघरात आणू नका.

‘भोसरीचे कारखानदार हेच करतात’

हेच करत नाहीत. तिथे चालतं ते ब्लॅकोडायझिंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळत असतं आणि वस्तू त्यात काही मिनिटांत काळी होते. आधी तेल काढणं, ॲसिडमध्ये गंज काढणं, मधली धुणी, शेवटी तेल, अशी टाक्यांची रांग असते. त्या टाकीत पाण्याचा शिपका चुकीच्या पद्धतीनं पडला तर कॉस्टिक अंगावर उसळतं. म्हणून ‘घरी तेच करून बघू’ हा विचार डोक्यातून काढा. पैसे घेतात ते या कामाचे, आणि किलोच्या हिशेबात ते फार नसतात. शंभर बोल्ट काळे करायचे असतील तर सरळ जॉबवर्कला द्या.

घरी बसून करावं ते एखाददुसऱ्या आवडत्या वस्तूचं: स्वतः घडवलेला स्क्रायबर (धातूवर रेघ मारायची टोकदार सळई), गुण्या, सोल्डर केलेला एखादा जोड. जॉबवर्कला देताना मात्र पितळी आणि ॲल्युमिनियमचे भाग आधी काढून द्या, आणि आत ॲल्युमिनियमचा रिव्हेट असेल तर तोंडानं सांगा. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम फसफसत विरघळतं, हायड्रोजन सुटतो, आणि तुमच्या एका रिव्हेटपायी त्यांची अख्खी टाकी खराब होते.