लेन्स आहे हो, कोपर नाही!

कॅमेरा मोठा घ्यायचा की छोटा, प्रश्न एवढाच होता. मोठा म्हणजे मिररलेस, लेन्स बदलता येतात तो, आणि छोटा म्हणजे पर्समधे टाकला की विसरून जाता येईल असा कॉम्पॅक्ट. बजेट ठरलेलं, दिवाळीचा बोनस बाजूला काढलेला, पैसे माझेच त्यामुळे कुणाला विचारायची भानगड नाही. तरी हे प्रकरण संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत सुरू झालं ते हापूस उतरणीला लागला तरी मिटेना, आणि तेवढ्या काळात मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कॅमेऱ्याबद्दल मत नसलेला एकही माणूस नाही हे मला कळलं. वॉचमनचंसुद्धा मत आहे. खरं तर त्याचंच सगळ्यात कामाचं होतं, पण ते नंतर.

पहिला घुसला तो नवरा. आयटीतला माणूस, त्याच्याशी काहीही सहज बोलायची सोय नाही. जेवताना म्हटलं, कॅमेरा घेईन म्हणते, तर रात्री दीडला हॉलमधला लाइट चालू आणि सकाळी चहाच्या आधी एक्सेल तयार. आडवे कॅमेरे, उभ्या कॉलमात सेन्सर, मेगापिक्सेल, आयएसओ, फोकस पॉइंट, वजन, बॅटरी, प्रत्येकाला वेटेज आणि शेवटी शंभरपैकी मार्क. मोठ्याला ८७, छोट्याला ६१. "बघ, क्लिअर आहे," म्हणाला. हा तोच माणूस जो भाजी आणायला गेला की कोथिंबीर कुठली आणि पुदिना कुठला हे विचारायला व्हिडिओ कॉल करतो.

एक्सेलचा एक फायदा झाला, मला सेन्सरचं, म्हणजे रोलच्या जागी बसून उजेड टिपणाऱ्या तुकड्याचं, गणित कळलं. मोठ्यात असतो तो फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या रोलच्या एका फ्रेमएवढा, त्यात काही लपवाछपवी नाही. चांगल्या कॉम्पॅक्टमधे असतो तो 'एक इंच' सेन्सर. आता इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे शाळेत घोकलंय, आणि हा मोजायला जावं तर भरतो १३.२ बाय ८.८. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी धरली तरी १६ च्या आत. मग इंच गेला कुठे? तर पूर्वी टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असायच्या, त्यांचं माप बाहेरच्या काचेसकट सांगायचे, नळ्या गेल्या आणि मोजायची पद्धत तेवढी राहिली. बिल्डर सुपर बिल्ट-अप सांगतो आणि कपाट लावायला गेलं की कार्पेट एरिया कळतो, तसला प्रकार. मला हे एका मिनिटात समजलं, नवऱ्याला अजूनही पटत नाहीये, तो म्हणतो कंपन्या असं कशाला करतील. क्षेत्रफळ काढलं तर मोठ्याचा सेन्सर या एक इंचवाल्याच्या सात पटींहून जास्त, आणि उजेड कमी पडला की ते फोटोत लगेच दिसतं.

मग तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांच्याकडे अजून रोलचा एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आहे आणि एका रोलच्या ३६ फोटोंत कोल्हापूर, पन्हाळा आणि थोरलीचं बारसं उरकल्याचा त्यांना अभिमान आहे. त्यांचा प्रश्न रास्त होता. "मिररलेस म्हणजे आरसा काढला ना गं? मग वजन कुठे कमी झालं?" झालं ना काका, बॉडीचं झालं. आरसा गेला, डोक्यावरचं प्रिझम गेलं, २००८ मधे पॅनासॉनिकने जी-वन हा बिनआरशाचा कॅमेरा काढला, २०१३ मधे सोनीने ए सेव्हन काढून फुल फ्रेमपण आटोपशीर बॉडीत बसवला. पण लेन्सला हे कुणी सांगितलंच नाही. मोठ्या सेन्सरवर भरपूर उजेड पाडायचा तर काच मोठीच लागते, तिथे कुणाची हुशारी चालत नाही. नवऱ्याच्या यादीत पहिला आलेला सोनीचा ए सेव्हन फोर बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम आणि त्याच्यावर लावायची २४ ते ७० मिलिमीटर झूमची, भरपूर उजेड आत घेणारी एफ २.८ वाली लेन्स एकटी ६९५. झाले १ किलो ३५३ ग्रॅम, यात बॅग, चार्जर आणि माझा डबा धरलेला नाही. मी काकांना म्हटलं, १९७५ मधे कोडॅकच्या स्टीव्ह सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो ३.६ किलोचा होता, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. काका म्हणाले, "२३ सेकंद काहीच नाही, तुझ्या काकूला पदर नीट करायला त्याच्या दुप्पट लागतात."

शेवटी म्हटलं वापरूनच बघू. नवऱ्याच्या मित्राने त्याचा मिररलेस लेन्ससकट रविवारपुरता दिला, "सांभाळा हं वहिनी" असं बॅग हातात देताना म्हणाला, लिफ्टपाशी म्हणाला आणि घरी पोचल्यावर फोन करून म्हणाला. मामेबहिणीच्या मुलाची मुंज होती दादरला. मी काठपदराच्या साडीत, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर कॅमेऱ्याची बॅग, हातात आहेराची पिशवी, आणि सेंट्रलला मेगाब्लॉक. रविवारच्या मेगाब्लॉकला लेडीज डब्यात शिरणं काय असतं ते ज्यांना माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको, पण सांगते. लेन्सला हूड, म्हणजे पुढे ऊन अडवायची कॉलर, लावलेला होता आणि तो हूड बॅगेच्या कापडातून टोक काढून बसला होता, ते टोक भांडुपपासून समोरच्या बाईंच्या कमरेत.

"ताई, कोपर काढा तुमचं."

"कोपर नाही हो, लेन्स आहे."

"काय आहे?"

"लेन्स. कॅमेऱ्याची."

झालं, अख्ख्या पॅसेजला कळलं. एकीने विचारलं फोटोचा बिझनेस आहे का, दुसरीने विचारलं प्री-वेडिंगचे किती घेता, आणि खिडकीपाशी मटार सोलत बसलेल्या काकू म्हणाल्या, अगं वर ठेव ना रॅकवर. वर रॅकवर दोन सॅक आणि एका पिशवीतून डोकावणाऱ्या ओल्या मेथीच्या जुड्या. दुसऱ्याच्या चार लाखांच्या वस्तूवर मेथीचं पाणी ठिबकतंय हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी बॅग पोटाशी धरून घाटकोपर ते दादर एका पायावर.

फोटो मात्र काय आले! दादरचा हॉल म्हणजे तुम्हाला माहितीच असेल, खिडक्यांना मखमली पडदे, पिवळे दिवे, उजेडाच्या नावाने बोंब. मातृभोजन चालू होतं, बटू आईच्या हातून घास घेत होता, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात साखरभाताचं एक शीत चिकटलेलं, केशराच्या रंगासकट ते शीत फोटोत आलंय. आईच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि ती ते दाखवत नाहीये, हेही आलंय. तोच घास माझ्या भावाने फोनवर टिपला त्यात बटूचा गाल मेणाचा झालाय आणि शीत गायब. इथे मोठा जिंकला, वादच नाही.

पण मोठा कॅमेरा गळ्यात पडला की बाई पाहुणी राहत नाही. "अहो, इकडचा एक." "आजींचा एकटीचा घ्या." "सगळ्या माहेरच्यांचा एक, थांबा थांबा, पिंट्या कुठाय?" बहिणीच्या सासरकडच्या एका आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, अल्बम करून देता की नुसता पेनड्राइव्ह. ज्याला खरोखरचे पैसे मोजले होते तो फोटोग्राफर दुसऱ्याच पंगतीला जेवून मोकळा, आणि मी शेवटच्या पंगतीला बसले तेव्हा मठ्ठ्यात कोथिंबीर होती, मठ्ठा नव्हता. जिलेबीबद्दल मी बोलणार नाही.

नंतर ऑफिस सुटल्यावर फोर्टात बोरा बाजारला गेले, सीएसएमटीहून चालत जाण्याएवढं अंतर, कॅमेरावाल्यांची ओळच आहे तिथे. दुकानदाराने दोन्ही काउंटरवर मांडले. छोटा, सोनीचाच आरएक्स हंड्रेड सेव्हन, ३०२ ग्रॅम, बटण दाबलं की लेन्स सर्रकन बाहेर, २४ पासून २०० पर्यंत झूम, आणि डाव्या कोपऱ्यातून पिटुकला व्ह्यूफाइंडर टुणकन वर येतो. ते टुणकन बघून मी पाघळले, खोटं कशाला बोलू. तरी रिकोचा जीआर थ्रीपण काढायला लावला. २५७ ग्रॅमच्या डबीत एपीएस-सी सेन्सर, फुल फ्रेमहून लहान पण एक इंचवाल्यापेक्षा कार्पेट एरिया बराच मोठा, पण झूम नाही आणि डोळ्याला लावायला व्ह्यूफाइंडरही नाही, दुपारी मरीन ड्राइव्हवर स्क्रीनमधे समुद्राच्या जागी आपलाच चष्मा दिसणार. दुकानदाराचा जीव मोठ्यात. "मॅडम, बॉडी एक बार ले लो, लेन्स तो होते रहेंगे." असं म्हणत त्याने कॅल्क्युलेटर ओढला आणि फिल्टर, कार्ड, जादा बॅटरी, बॅग, ब्लोअर असं एकेक करत आकडा अशा जागी नेला की मी विषय बदलून प्यायला पाणी मागितलं.

आणि हो, छोट्याला पॉकेट कॅमेरा म्हणतात. कुणाचं पॉकेट? माझ्या एकाही कुर्त्याला खिसा नाही, आणि जीन्सच्या खिशात लिपस्टिक ठेवली तरी ती अर्धी बाहेर असते. सोनीचा हा छोटा सव्वाचार सेंटिमीटर जाड आहे. पण पर्सच्या पुढच्या कप्प्यात, रेल्वेचा पास आणि सेफ्टी पिनांची डबी असते तिथे, बरोब्बर बसला. दुकानातच बसवून बघितला. दुकानदाराला वाटलं मी घेऊन पळतेय.

रिकाम्या हाताने परत आले तर गेटवर वॉचमन. "नहीं लिया मॅडम?" म्हटलं, ठरत नाहीये. तर म्हणाला, "जो बारिश में सड़ेगा नहीं, वो लो."

एवढा मोठा एक्सेल, त्यात हा कॉलम नव्हता! मुंबईच्या दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर फंगस धरतं, कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंसारखं पसरत जातं आणि वेळीच साफ केलं नाही तर काचेवरचं कोटिंग खातं. लेन्स ठेवायला ड्राय कॅबिनेट लागतं, आत आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर धरून ठेवणारं विजेवरचं कपाट. नवऱ्याने लगेच टेप घेऊन देवघराशेजारची भिंत मोजली. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "आत काही सादळत नाही ना? मग माझे पोह्याचे पापडपण ठेवू." मला तर हा कॅबिनेट घ्यायचा सगळ्यात पटलेला मुद्दा वाटला. छोटाही काही फार गुणाचा नाही म्हणा. त्याची लेन्स आत-बाहेर करताना धूळ ओढते, एकदा आत गेली की आपल्याला काढता येत नाही, पावसात भिजवायची सोय नाही, आणि बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने २६० फोटोंत मान टाकते. पण त्याला चकलीच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झोपवता येतं.

मधेच भाची येऊन गेली. कपाटातला आमचा हनिमूनचा चंदेरी डिजिकॅम उचलला आणि म्हणाली, "मावशी, हा मी नेते, आता हेच चालतंय." २०१० मधे जपानी कंपन्यांनी मिळून १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात सोडले होते, त्यातले बहुतेक हे असलेच छोटे, मग फोन आले आणि २०२३ मधे आकडा कोटीच्याही आत आला. आम्ही तो भंगारात द्यायला काढला होता. तिने त्यातल्या कार्डावरचे माथेरानचे आमचे फोटोपण बघितले, त्यावर मी इथे काही लिहिणार नाही.

नवऱ्याचा मोठ्यासाठी हट्ट चालूच होता, तो सुटला एका बागेच्या गेटवर. मित्राचा कॅमेरा पुन्हा एकदा मागून घेतला होता, तो परत करायच्या आधी म्हणून सकाळी गेलो होतो. सिक्युरिटीवाला म्हणाला, प्रोफेशनल कॅमेरा अलाऊड नाही, परमिशन लेटर आणा. मागून एक जोडपं फोन, रिंग लाइट, तीन ड्रेस आणि एक हसणारा भाऊ घेऊन आत गेलं, त्यांना कुणी हटकलं नाही. नवरा त्याला सेन्सर साइज समजावून सांगायला लागला तेव्हा मी रिक्षा थांबवली.

तर छोटा घेतला. आता तो रोज पर्समधे असतो, दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या ढिगाऱ्यावर झोपलेला माणूस असो नाहीतर लेडीज डब्यातल्या त्या मटारवाल्या काकू (परत भेटल्या, विचारून काढला, मटार संपलेत, आता फणसाच्या आठळ्या), हात घातला की बाहेर येतो आणि कुणी पोट आत ओढत नाही.

राहिले फ्लेमिंगो. शिवडीच्या चिखलात ते भरतीच्या सुमारास काठाजवळ येतात, छोट्याचा २०० चा झूम ताणून ताणून बघितला तर गुलाबी ठिपके, म्हणजे कुणी ताटात डाळिंबाचे दाणे सांडलेत असंही सांगून खपलं असतं. पण या शहरात सिनेमा आणि लग्नं यांच्या कृपेने कॅमेरे भाड्याने मिळतात, आधार कार्ड आणि डिपॉझिट दिलं की झालं. सीझन संपायच्या आत येत्या रविवारी मोठी बॉडी आणि २००-६०० ची लेन्स एका दिवसापुरती आणायची असं ठरलंय. नवरा खूश आहे. एक्सेलमधे नवीन शीट उघडलीये, त्यात भरतीची वेळ, मुलुंडहून निघायची वेळ, कुर्ल्याला हार्बर पकडायची वेळ, उन्हाची दिशा, सगळं आहे. ती लेन्स एकटी दोन किलोच्या वर आहे. ती उचलायची कुणी हा कॉलम त्याने अजून टाकलेला नाही, आणि मी आठवण करून देत नाहीये.