शिक्का पिशवीत

७ मे २०२४ ला गोव्यात लोकसभेचं मतदान होतं. त्याआधी कित्येक दिवस आमच्या तालुक्याचं भागशिक्षणाधिकारी कार्यालय म्हणजे एक कुलूप आणि बाहेर बसलेला एक शिपाई. बाकी सगळे निवडणुकीच्या ड्युटीवर. नेमके दाखल्यांचे दिवस!

माझ्या शाळेतल्या एका मुलीचे वडील चिऱ्यांच्या खाणीवर कामाला. काम संपलं, बिऱ्हाड बेळगावकडे परत निघालं. परराज्यात जायचं म्हणून दाखल्यावर वरची सही हवी. बिचारे दोनदा कदंबा बस पकडून गेले, दोन्ही वेळा "ऑफिस बंद आसा, मागीर यो" ऐकून आले. दोन दिवसांचा रोज बुडाला तो बुडालाच.

शेवटी मीच भागशिक्षणाधिकारी सरांना फोन लावला. म्हणाले, "बाई, उद्या बाजारात या. मतदान केंद्रं बघत फिरतोय, बारापर्यंत तिथे असेन." गेले. केळीवालीच्या मागे मोटारसायकल उभी. सीटवर दाखला ठेवून सही केली आणि भाजीच्या पिशवीतून शिक्का काढला. माझ्या आधी दोघे शिक्षक उभे होते! एकाच्या हातात माध्यान्ह आहाराची बिलं. बचत गटाच्या बायका भाजी-पावाच्या पैशांसाठी त्याच्या दारात बसल्या होत्या.

सगळे सरांचं कौतुक करतात. मीही करते. पण शिक्का ऑफिसबाहेर का नेला, अशी कोणी तक्रार केली असती तर सरांच्या बाजूने लेखी द्यायला आमच्यातलं कोण गेलं असतं? मी तरी गेले असते का, देव जाणे.

म्हणून म्हणते, ऑफिस रिकामं होणार हे महिनाभर आधी ठाऊक असतं, तर तेवढ्या दिवसांपुरता सहीचा अधिकार जवळच्या एखाद्या मुख्याध्यापकाला द्या. पर्वरीच्या शिक्षण खात्यातून एक परिपत्रक निघालं की झालं. 'सगळं ऑनलाइन करा' म्हणणाऱ्यांनी २०२० चे कोरोनातले ऑनलाइन वर्ग आठवावेत. सत्तरी-सांग्यातली पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती. आणि गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात देवळाच्या मंडपात, कुणाच्या ओसरीवर शाळा भरल्याच ना? इमारती मागाहून आल्या.

२०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक येईल. केळीवाली अजून त्याच जागी बसते, परवाच बघून आले.