“भाऊ, बाबाचा खुबा छापून भेटन का?”

गेल्या आठवड्यापासून तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: “आता थ्रीडी प्रिंटरवर हाड छापतात, मोडलेलं काढून नवं बसवतात. सोय फक्त मुंबई-पुण्यात. मॉडेल काढल्याशिवाय ऑपरेशन करू देऊ नका.” मी यवतमाळ जिल्ह्यात सीटी स्कॅनच्या मशीनवर असतो. वरचा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो, म्हणून हे लिहितोय.

‘नवं हाड बसवतात.’ नाही. छापलेलं हाड बहुतेक वेळा असतं पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचं. ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. शरीरात जाणाऱ्या वस्तू निर्जंतुक करायला १२१ अंशांच्या वाफेतून काढतात, त्यात हे हाड वाकडंच होईल. गाठीमुळे हाड कापावं लागलं तर टायटॅनियमचा तुकडा छापून बसवतात, हे खरं. पण वरचा प्रश्न विचारणाऱ्या पोराचे बाबा मोटारसायकलवरून पडलेत. त्यांचं स्वतःचंच हाड जोडायचं आहे.

मग प्लॅस्टिकचं हाड कशाला? खुब्याची वाटी म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिथे बसतो तो खळगा. ती फुटली की ती आत, मांसाखाली, वाकड्या आकाराची. फिल्मवर सावल्या दिसतात, तुकडा कुठे फिरलाय ते डोक्यात जुळवावं लागतं. मॉडेल हातात घेऊन फिरवता येतं. त्याहून कामाची युक्ती म्हणजे धडधाकट बाजूचं स्कॅन आरशातल्यासारखं उलटवून छापायचं. मोडण्याआधी वाटी कशी होती, त्याचा हा साचा. त्यावर हाड जोडायची धातूची प्लेट आदल्या दिवशीच वाकवायची, स्क्रूची लांबी मोजायची, प्लेट निर्जंतुक करून ठेवायची. नाहीतर जखम उघडी ठेवून प्लेट वाकव, लावून बघ, काढ, पुन्हा वाकव, असं चालतं. यामुळे ऑपरेशनचा वेळ, रक्तस्राव आणि मधले एक्स-रे कमी होतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. वर्षभरानंतर पेशंट जास्त चांगला चालतो का, याचे पुरावे तितके पक्के नाहीत. शिवाय मॉडेलमध्ये कूर्चा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या नसतात.

‘फक्त मुंबई-पुण्यात.’ प्लॅस्टिक वितळवून थरावर थर रचायच्या या छपाईचं मुख्य पेटंट २००९ मध्ये संपलं आणि प्रिंटर स्वस्त झाले. साधा २०-३० हजारांत येतो. स्कॅनवरून मॉडेलची फाइल बनवणारं थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रिंटर दवाखान्यातच हवा असंही नाही, फाइल कुठेही पाठवता येते. खरी अडचण आहे संगणकावर हाडाचे तुकडे वेगळे करणारा माणूस मिळण्याची. आणि विजेची! छपाईला कित्येक तास लागतात, मधेच लाइन गेली की अर्धी वाटी हातात. आणखी एक अडचण आमच्याच खोलीतली: स्कॅनचे काप १ मिलिमीटरच्या आसपास हवेत, जाड काप घेतले तर मॉडेलवर पायऱ्या पडतात.

‘मॉडेलशिवाय ऑपरेशन नको.’ हे वाक्य सगळ्यात घातक. मांडीचं, नळीचं हाड मधोमध सरळ मोडलं तर हाडाच्या आत रॉड टाकतात. तिथे मॉडेलचं काम नाही. हाड कातडीबाहेर आलं असेल तर मॉडेलचं नावही काढू नका, अँटिबायोटिक आणि जखम धुणं ताबडतोब लागतं. खुब्याच्या वाटीलाही मुदत आहे. तीन आठवडे उलटले की तुकडे चुकीच्या जागीच जुळायला लागतात, मग ते बसवणं फार जड जातं. “सोयाबीन निघू द्या, मग पाहू” म्हणत इथे आधीच दिवस जातात. त्यात आता हा मेसेज.

नागपूर किंवा सेवाग्रामला जाताना नुसत्या फिल्म नेऊ नका, सीडी मागून घ्या. मॉडेल काढायचंच ठरलं तर ते सीडीतल्या फाइलींवरून निघतं, फिल्मवरून नाही. बाबांचा खुबा छापून मागणाऱ्या त्या पोरालाही मी सीडीच दिली आणि रात्रीच्या गाडीने निघायला सांगितलं.