‘चांगल्या व्हिडिओवाल्याला ब्रीफ लागत नाही’: हा सल्ला मानू नका

सांगली-मिरज-कुपवाडच्या उद्योजकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: कंपनीचा व्हिडिओ करायचा तर ब्रीफ, म्हणजे व्हिडिओ कशासाठी आणि कुणासाठी हे सांगणारा कागद, लिहीत बसू नका, त्यानं कलाकाराचे हात बांधले जातात. चांगला व्हिडिओवाला युनिट बघूनच ओळखतो काय दाखवायचं. आवडलेली एखादी लिंक पाठवा, बजेट सांगू नका, राहिलं-साहिलं एडिटिंगमध्ये बघता येतं.

इथले व्हिडिओ करण्यातच माझा दिवस जातो, म्हणून ठामपणे सांगतो: हा सल्ला मानणाऱ्याचे पैसे वाया जातात.

‘युनिट बघूनच ओळखतो’ यापासून सुरुवात करू. कॅमेरावाल्याला उजेड कळतो, फ्रेम कळते. तुमचा माल कुणाला विकायचाय, हे भिंतीकडे बघून कळत नाही. बेदाण्याचं युनिट घ्या. इंदूरच्या मिठाईवाल्याला दाण्याचा आकार, रंग आणि प्रत्येक लॉट सारखा येईल याची खात्री हवी. परदेशी खरेदीदार वॉशिंग, सॉर्टिंग, मेटल डिटेक्टर आणि तपासणीचे कागद बघतो. कोल्ड स्टोरेजला माल ठेवणाऱ्या तासगावच्या बागायतदाराला वजन चोख होतं का आणि हिशेबाची पट्टी वेळेवर मिळते का, एवढंच जाणून घ्यायचं असतं. शेड तीच, पण व्हिडिओ तीन. यातला कुठला करायचा हे मालकच ठरवू शकतो, आणि ते ठरवून लिहिलं की ब्रीफचा निम्मा भाग झाला. ‘इंदूर-भोपाळच्या घाऊक मिठाईवाल्यांनी बघून नमुना मागवावा’ एवढं एक वाक्य मला मिळालं तर भाषा हिंदी ठरते, ग्रेडिंगच्या टेबलाचा जवळून शॉट ठरतो आणि संचालकांचं मनोगत आपोआप गळतं.

‘एडिटिंगमध्ये बघू’ हा तर सगळ्यात महागाचा सल्ला. बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकच्या जाळ्यांवर पसरतात आणि सावलीत पंधरवडाभर वाळतात. हिरव्याचा हळूहळू सोनेरी होत जाणारा तो रंग कॅमेऱ्यात धरावा असा असतो. ऑगस्टमध्ये आम्हाला बोलावलंत तर रॅक मोकळे असतात. हळदीचंही तेच. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश हे सगळं पावसाळ्याच्या आत आटोपतं. त्यानंतर दाखवायला उरतात ती पोती आणि सौदा. न घेतलेला शॉट एडिटिंगमध्ये सापडत नाही, म्हणून हंगामाच्या तारखा ब्रीफमध्ये हव्यात.

व्हिडिओ कुठे दाखवणार हेही आधीच लिहा. प्रदर्शनातल्या टीव्हीसाठी आडवा घेतलेला १९२० बाय १०८० चा व्हिडिओ मोबाइलसाठी उभा कापला, तर रुंदीतले जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात. एक तृतीयांशही नाही. हळकुंडं पॉलिश करणारा अख्खा ड्रम दिसत होता, तिथे फक्त त्याचा मधला पत्रा दिसतो.

लिंक जरूर पाठवा, पण त्यातलं काय आवडलं ते सोबत लिहा. वेग, आवाज की माणसं ज्या सहजपणे बोलतात ते? नुसतं ‘सेम असाच’ म्हटलं की मी एक समजतो, तुम्ही दुसरं. त्या लिंकमधलं सिनेमाचं गाणं तर परवान्याशिवाय वापरताच येत नाही.

हात बांधले जाण्याबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. ‘आधी गेट, मग साहेबांची केबिन, मग ड्रोन’ अशी शॉटची यादी आली तर हात खरंच बांधले जातात. ते लिहू नका. कसं दाखवायचं ते आमच्यावर सोडा. काय पोचायला हवं आणि काय अजिबात बोलायचं नाही, ते तुम्ही लिहा. ‘काय बोलायचं नाही’ हे हळदवाल्यांनी फार मनावर घ्यावं. हळदीनं अमुक रोग बरा होतो अशी वाक्यं इंटरनेटवर ढिगानं मिळतात आणि स्क्रिप्ट लिहिणारा बिनधास्त उचलतो. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करता येत नाही, आणि नोटीस आली तर ती व्हिडिओवाल्याला नाही, तुम्हाला येईल. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण म्हणून त्याचा लोगो कुणीही लावू शकत नाही. तुम्ही नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ते आहात का, तेही लिहा.

बजेट सांगितलं की समोरचा तेवढंच बिल लावतो, ही भीती मला समजते. पण आकडा लपवला तर एक जण एका दिवसाचं शूटिंग धरतो, दुसरा तीन दिवसांचं, तिसरा त्यात प्रमाणपत्रधारक पायलटसह ड्रोन धरतो, आणि तिन्ही कोटेशनची तुलनाच होत नाही. ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला लिहा आणि एकच ब्रीफ तिघांना द्या. मग त्या पैशात कोण काय देतो ते समोरासमोर दिसतं.

शेवटची मंजुरी कुणाची, तेवढं नाव मात्र विसरू नका. घरच्या फर्ममध्ये पहिला कट गेला की थोरले, धाकटे आणि पुतण्या वेगवेगळे व्हॉइस मेसेज पाठवतात. एक म्हणतो संगीत वाढवा, दुसरा म्हणतो काढा. तिघांनी एकत्र बसून बघावं आणि एकानंच लेखी कळवावं.